मानेची गाठ आणि योग्य तपासणीची निवड : संभाजीनगरच्या एका इमेजिंग केंद्राविषयी

छत्रपती संभाजीनगरमधील ज्या इमेजिंग केंद्राविषयी मी लिहीत आहे, तेथे आमच्या घरातील दोघांच्या मानेच्या गाठींची तपासणी काही महिन्यांच्या अंतराने झाली. मामांचा कॉन्ट्रास्टसह, म्हणजे चित्र उजळवणारे औषध शिरेतून टोचून, सीटी स्कॅन करण्यात आला आणि मावसबहिणीची केवळ सोनोग्राफी. गाठ दोघांच्याही मानेतच होती, तरी तपासणी वेगळी निवडली गेली आणि ती वेगळी का, हे आम्ही विचारण्याआधीच सांगण्यात आले. या केंद्राची मला सर्वांत मोलाची वाटलेली बाब हीच आहे. यंत्रे चांगली आहेत आणि इमारत स्वच्छ आहे, पण सीटीचे यंत्र आता मराठवाड्यातील जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळते. रुग्णाला यंत्रावर निजवण्याआधी ‘याला हीच तपासणी का हवी’ हा प्रश्न स्वतःला विचारणारे डॉक्टर मात्र सगळीकडे भेटत नाहीत. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण पुढे त्याच्या उणिवाही सांगायच्या आहेत आणि जे निकष मी लावले ते वाचकाला आपल्या गावच्या कोणत्याही केंद्राला लावून पाहता येतील.

मामा अंबड तालुक्यात शेती करतात. वय साठीच्या आसपास, मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू आणि तंबाखू-चुना तरुणपणापासून. डाव्या जबड्याच्या कोनाखाली त्यांना सुपारीएवढी गाठ हाताला लागली. ती दुखत नव्हती, ताप नव्हता, जेवण व्यवस्थित चालू होते, त्यामुळे घरात कोणी फारसे मनावर घेतले नाही. अवधान आले असेल म्हणून शेकून झाले, लेप लावून झाला, मग गावातील डॉक्टरांकडून प्रतिजैविकांच्या गोळ्या झाल्या आणि गाठ होती तशीच राहिली. न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते, हा आपल्या भागातील फार पक्का समज आहे आणि तो धोकादायक आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली प्रौढांच्या मानेच्या गाठीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ कमी न होणारी, दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी, घट्ट, किंवा खालच्या मांसाला चिकटल्यामुळे बोटांनी न हलणारी गाठ ही कर्करोगाची शक्यता धरूनच तपासावी असे सांगितले आहे. संसर्गाची लक्षणे नसताना नुसत्या गोळ्या देऊन वाट पाहू नये, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. मामांच्या बाबतीत दुखणे नसणे ही दिलासा देणारी गोष्ट नव्हतीच.

संभाजीनगरला जाण्यापूर्वी आम्ही तालुक्याच्या ठिकाणी एका तपासणी केंद्रात गेलो होतो. तेथे मानेच्या गाठीसाठी एक ठरीव पॅकेज होते. त्यात मानेचा एक्स-रे, साधा सीटी आणि रक्ताच्या डझनभर चाचण्या होत्या. कॉन्ट्रास्टचे औषध टोचायचे की नाही, याचा निर्णय तेथे काउंटरवरच होत होता आणि तोही पैशांच्या हिशेबाने. ‘इंजेक्शनचे वेगळे लागतील, त्याच्याशिवायही दिसते,’ असे आम्हाला सांगण्यात आले. डॉक्टरांची चिठ्ठी कोणी मागितली नाही आणि मामांच्या मानेला कोणी हातही लावला नाही. आम्ही तेथे तपासणी न करता जालन्याच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीने घसा पाहिला आणि चिठ्ठीवर वय, तंबाखूची सवय, गाठ कोणत्या बाजूला आणि किती दिवसांपासून आहे हे लिहून खाली लिहिले की कवटीच्या तळापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत मानेचा सीटी कॉन्ट्रास्टसह करावा आणि मूळ आजार तोंडात किंवा घशात कोठे आहे का ते पाहावे.

चिठ्ठीतील शेवटचे वाक्य मला पुढे फार महत्त्वाचे वाटले. मोठ्या वयाच्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मानेतील गाठ बहुतेक वेळा लसिका ग्रंथीची असते आणि तेथे आजार दुसरीकडून आलेला असू शकतो. मूळ जागा जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलमध्ये, स्वरयंत्रात किंवा नाकामागच्या पोकळीत असू शकते. सोनोग्राफीच्या लहरी हाडाच्या आणि हवेच्या पलीकडे जात नाहीत. गाठीचे चित्र तीत उत्तम दिसते, पण जबड्याच्या हाडामागचा आणि श्वासमार्गाच्या आतला भाग निसटतो. साध्या सीटीत तो भाग येतो खरा, पण ग्रंथी, स्नायू आणि रक्तवाहिन्या जवळजवळ एकाच करड्या छटेत दिसतात, त्यामुळे गाठ रक्तवाहिनीला चिकटली आहे की केवळ शेजारी आहे आणि तिचा मध्यभाग नासला आहे की नाही, हे नीट उमजत नाही. आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट शिरेतून गेल्यावर रक्तवाहिन्या उजळतात, जिवंत पेशींचा भाग उजळतो आणि नासलेला भाग काळसर राहतो. म्हणून मानेच्या गाठीसाठी कॉन्ट्रास्ट ही जादा पैशांत मिळणारी सोय नाही. त्याच्याशिवाय या तपासणीचा बराचसा उपयोगच उरत नाही.

या केंद्रात नोंदणी झाल्यावर सर्वप्रथम चिठ्ठी रेडिऑलॉजिस्ट मॅडमकडे गेली आणि थोड्या वेळाने त्या स्वतः बाहेर आल्या. त्यांनी मामांना आत बसवले, हातमोजे घालून गाठ चाचपली, ती हलते का पाहिले आणि टॉर्च लावून तोंडात पाहिले. ‘काका, तंबाखू कोणत्या गालात ठेवता?’ असा त्यांचा प्रश्न होता. मामांनी आधी माझ्याकडे पाहिले आणि मग डाव्या गालाकडे बोट दाखवले. गिळताना अडकते का, कान दुखतो का, आवाज बदलला आहे का, वजन उतरले आहे का, हेही त्यांनी विचारले. कान दुखतो, हे मामांनी आम्हाला कोणालाच सांगितले नव्हते. घशाच्या आजारात कानात कळ येऊ शकते, कारण दोन्हीकडे जाणाऱ्या काही नसा एकच असतात, हे त्यांनी सोप्या शब्दांत सांगितले. तपासणीच्या खोलीबाहेर पाच-सात मिनिटे झालेले हे बोलणे मी या सेवेचा गाभा मानतो. चित्र काढण्याआधी कोठे पाहायचे आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याचा अहवाल वेगळा होतो.

पुढची तयारीही काटेकोर होती. क्रिएटिनिनचा अलीकडचा रिपोर्ट पाहून मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज काढला गेला, आधी कधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली आहे का, दम्याचा त्रास आहे का, थायरॉइडचा आजार आहे का, हे विचारले गेले. मेटफॉर्मिन बंद करावे लागेल का, असे मी विचारले तेव्हा मूत्रपिंडाचे काम चांगले असल्याने गोळी चालू ठेवायला हरकत नाही, असे स्पष्ट उत्तर मिळाले. अनेक ठिकाणी ही गोळी सरसकट बंद करायला सांगतात आणि मग ती पुन्हा कधी सुरू करायची हे रुग्णाला कोणी सांगत नाही. मामांच्या गळ्यातील काळ्या दोऱ्यातला चांदीचा ताईत काढून तो पाकिटात घालून माझ्या हातात देण्यात आला, कारण धातूमुळे चित्रावर रेषा उमटतात. हात शरीराशी सरळ ठेवून खांदे खाली ओढायला सांगितले, म्हणजे मानेचा खालचा भाग खांद्यांच्या हाडांमागे झाकला जात नाही. औषध जाताना अंगातून गरम लाट गेल्यासारखे वाटेल, तोंडाला चव येईल, पण घाबरू नका आणि सांगितल्यावर गिळू नका, हे तंत्रज्ञांनी आधीच दोनदा समजावले. यंत्रावरचे प्रत्यक्ष काम काही सेकंदांचेच असते, त्यामुळे एक आवंढा गिळला तरी चित्र हलते.

आणखी एक गोष्ट मला मुद्दाम नोंदवावीशी वाटते. कित्येक केंद्रांत आधी साधा आणि मग कॉन्ट्रास्टचा, असे दोन सीटी एकामागोमाग करण्याची रीत आहे. येथे कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरची एकच फेरी घेतली गेली. मानेच्या एका सीटीत साधारण ३ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतका किरणोत्सर्ग होतो, तर निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला अडीच ते तीन मिलिसिव्हर्ट मिळतो. साठीतल्या माणसासाठी एवढी मात्रा चिंतेची नाही, पण जी फेरी निदानात भर घालत नाही ती का घ्यावी, असा मॅडमचा साधा सवाल होता. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या निकषांतही मानेच्या गाठीसाठी अशा दुहेरी सीटीला स्थान नाही.

अहवाल दुसऱ्या दिवशी मिळाला आणि तो चिठ्ठीतील प्रश्नाचे उत्तर देणारा होता. डाव्या बाजूच्या दुसऱ्या पातळीवरील, म्हणजे मानेच्या वरच्या भागातील, लसिका ग्रंथी २.८ सेंटिमीटर, मध्यभाग नासलेला. जिभेच्या मुळाशी डावीकडे असमान जाडी. मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी मोकळी. उजवी बाजू आणि फुप्फुसांची टोके स्वच्छ. ग्रंथीचा मध्यभाग नासणे हे कर्करोगात दिसते तसेच क्षयातही दिसते, आणि आपल्याकडे मानेत क्षयाच्या गाठी, ज्यांना जुनी माणसे गंडमाळ म्हणत, त्या आजही कमी नाहीत. म्हणून अहवालात दोन्ही शक्यता लिहून सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने नमुना घ्यावा, असे सुचवले होते. तो नमुना तेथेच, गाठीच्या मऊ पडलेल्या मध्यभागातून न घेता घट्ट कडेतून घेतला गेला आणि पेशींच्या तपासणीबरोबर क्षयाच्या सीबीनॅट चाचणीसाठीही पाठवला गेला. नासलेल्या भागातून पेशींच्या तपासणीत बरेचदा काहीच निष्पन्न होत नाही आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. गाठ कापून पाहण्याची घाई कोणी केली नाही, हेही बरे झाले. मूळ जागा सापडण्याआधी मानेची गाठ चिरून काढली तर पुढच्या उपचारात अडचणी येऊ शकतात. मामांचे निदान कर्करोगाचे निघाले. ते आता शासकीय कर्करोग रुग्णालयात उपचार घेत आहेत.

मावसबहिणीची गोष्ट थोडक्यात सांगता येईल, पण ती या केंद्राविषयी तितकेच सांगते. ती पस्तिशीची आहे, परभणीला राहते. तिची गाठ मानेच्या पुढच्या बाजूला, मधोमध, गिळताना वरखाली होणारी होती, म्हणजे थायरॉइडची. मामांचा अनुभव ताजा असल्याने घरच्यांनी सरळ सीटी करायचा आग्रह धरला आणि पैसे देण्याचीही तयारी होती. केंद्राने सीटी करायला नकार दिला. थायरॉइडच्या गाठीला सोनोग्राफी हीच पहिली आणि सर्वांत बारकाईची तपासणी आहे, रक्तातील टीएसएच (थायरॉइडचे काम कमी-जास्त आहे का ते दाखवणारी चाचणी) पाहावे आणि मगच पुढचे ठरवावे, असे त्यांनी सांगितले. त्यात आणखी एक कारण होते, जे आमच्या ध्यानीमनी नव्हते. सीटीच्या कॉन्ट्रास्टमध्ये भरपूर आयोडीन असते. थायरॉइड आधीच जास्त काम करत असेल तर त्यामुळे त्रास वाढू शकतो, आणि पुढे रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनचा, उपचार लागलाच तर तो काही आठवडे पुढे ढकलावा लागतो. उच्च वारंवारतेचा चपटा प्रोब फिरवत मॅडमनी गाठीचा आकार, कडा, आतील चुनखडीचे बारीक कण आणि शेजारच्या लसिका ग्रंथी पाहिल्या आणि थायरॉइडच्या गाठीची जोखीम श्रेणींत मांडणाऱ्या, २०१७ पासून वापरात असलेल्या टायरॅड्स पद्धतीने तिला तिसरी, म्हणजे कमी शंकेची, श्रेणी दिली. गाठ १८ मिलिमीटरची होती. या श्रेणीत सुईने नमुना अडीच सेंटिमीटरपासून पुढे घेतात, दीड सेंटिमीटरपासून पुढे फक्त नजर ठेवतात. वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी, एवढाच सल्ला मिळाला. ज्या तपासणीतून केंद्राला कितीतरी पट अधिक पैसे मिळाले असते ती नाकारून त्यांनी स्वस्त तपासणी केली आणि तीच योग्य होती.

लहान मुलांच्या बाबतीतही येथे आधी सोनोग्राफीच करतात, असे मॅडमनी बोलता बोलता सांगितले. मुलांच्या मानेत सर्दी-खोकल्याने ग्रंथी वारंवार सुजतात आणि किरणोत्सर्गाचा धोका मुलांना अधिक असतो. जीभ बाहेर काढल्यावर वर सरकणारी मधोमधची गाठ असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी मुलाची थायरॉइड ग्रंथी जागेवर आहे ना, तेही सोनोग्राफीत पाहून घेतात, कारण क्वचित ती गाठ हीच मुलाची एकमेव थायरॉइड असते. बोटाखाली ठोके लागणारी गाठ असेल तर तिला सुई लावत नाहीत, डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि रक्तवाहिन्यांचा सीटी करतात. कानाखालच्या लाळग्रंथीची गाठ खोल गेली असेल किंवा चेहऱ्याची नस दुबळी पडली असेल तर एमआरआय अधिक उपयोगी, आणि दातांत धातूचे बरेच भरण असल्याने सीटीचे चित्र बिघडत असेल तेव्हाही तोच. संपूर्ण शरीरात आजार शोधणारा पेट-सीटी या केंद्रात नाही. मूळ जागा कशानेच सापडत नाही तेव्हा तो लागतो, आणि तशा रुग्णांना सरळ दुसरीकडे पाठवतो, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव संमतिपत्राची आहे. कॉन्ट्रास्टचे धोके सांगणारा कागद पूर्णपणे इंग्रजीत आहे आणि अंबड, गेवराई, जिंतूरकडून आलेली माणसे त्यावर दाखवलेल्या जागी सही किंवा अंगठा करतात. ज्या केंद्रात तोंडी समजावण्याची एवढी चांगली पद्धत आहे, तेथे मराठीत एक पानाचा कागद तयार करणे अवघड नाही आणि ते न होणे मला मनापासून खटकले. दुसरी गोष्ट काउंटरची. आजार, व्यसन, मासिक पाळी हे सारे प्रश्न भरल्या बाकांसमोर मोठ्याने विचारले जातात. मावसबहिणीला तेथे उत्तर देणे जड गेले आणि मामांच्या मागे उभ्या असलेल्या एका आजींनी मशेरीचे विचारल्यावर सरळ नाही म्हटले, जे खरे नसावे असे त्यांच्या दातांवरूनच दिसत होते. खोटे उत्तर गेले की त्यावर बेतलेली तपासणीही चुकू शकते, त्यामुळे हा केवळ संकोचाचा प्रश्न राहत नाही. दिलेली वेळही पाळली जात नाही. अपघाताचे रुग्ण मध्ये घ्यावे लागतात हे समजण्यासारखे आहे, पण तसे कोणी सांगत नाही आणि उपाशीपोटी आलेला मधुमेही माणूस बाकावर बसून राहतो. अहवाल समजावून सांगणे हे मॅडम हजर आहेत की नाहीत यावर अवलंबून आहे. मामांचा अहवाल संध्याकाळी नेला तेव्हा खिडकीतून फक्त लिफाफा मिळाला.

दर जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा थोडे अधिक आहेत आणि ज्यांना ते परवडत नाहीत त्यांच्यासाठी संभाजीनगरच्या सरकारी घाटी रुग्णालयाचा मार्ग आहे, जेथे रांग मोठी असली तरी सीटीची सोय आहे. क्षयाची शंका असेल तर सीबीनॅट आणि औषधे सरकारी आरोग्य यंत्रणेत मोफत मिळतात, हेही येथे नोंदवतो, कारण तालुक्याच्या ठिकाणी आमच्याजवळ ते कोणी बोलले नव्हते.

जालना, बीड, परभणीकडून या किंवा अशा कोणत्याही केंद्रात येणाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी तपशीलवार लिहून घ्यावी. ‘नेक स्वेलिंग’ एवढेच लिहिले असेल तर परत जाऊन बाजू, कालावधी, व्यसन आणि नेमकी शंका लिहून मागावी. क्रिएटिनिन आदल्या दिवशी गावातच करून आणले तर सकाळचा वेळ वाचतो. चालू गोळ्यांची पाकिटे सोबत असावीत, कारण नाव आठवत नाही म्हणून बरेच जण ‘शुगरची पांढरी गोळी’ एवढेच सांगतात. जाताना सीडी मागून घ्यावी. येथे ती मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि कर्करोग रुग्णालयातील डॉक्टरांनी मामांचा छापील अहवाल वाचण्याआधी तीच संगणकात घालून जिभेच्या मुळाची चित्रे एकेक करून पाहिली.